बखर चारशे बारा डावांच्या सुटकेची

सकळ वाचकजनांस, जे कोणी घरात जुना संगणक बाळगून आहेत आणि जे कोणी तो टाकून देऊन आता पस्तावत आहेत, त्या सर्वांस ठावे व्हावे, की पुढील मजकूर डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकला, आणि जेथे पाहता-ऐकता आले नाही तेथे दाराआडून ताडला. त्यात पदरचे काही नाही, आणि जे आहे ते शोभेपुरते. मोहीम घडली ते दिवस भिंतीवरच्या कॅलेंडराप्रमाणे शनिवार आणि रविवार. खुद्द संगणकाच्या मते मात्र त्या दिवशी एक जानेवारी होती. कारण त्याच्या पोटातली नाण्याएवढी बॅटरी मरोन तीन वर्षे लोटली होती, सबब भिंतीवरचे बटण बंद झाले की तो काळवेळ विसरे आणि चालू झाले की पुन्हा एक जानेवारी, ऐसे त्याने तीन वर्षांत हजारभर नववर्षदिन विनातक्रार साजरे केले होते.

आता राज्याचे वर्णन. मधल्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर मॉनिटर, टेबलाखाली डबा, ज्यास जाणकार सीपीयू म्हणतात आणि मातोश्री 'ते धूड' म्हणतात, आणि धुडाच्या डोक्यावर खुद्द मातोश्रींनी विणलेला रुमाल, की ज्यामुळे धुडास श्वास घेता येत नसे परंतु शोभा फार येई. या राज्यात कायदा एकच आणि तो अण्णासाहेबांचा. अण्णासाहेब म्हणजे घरचे आजोबा, चौतीस वर्षे एका कारखान्याच्या गोदामाचे किल्लेदार. चौतीस वर्षे रोज संध्याकाळी सगळे लोक निघून गेले की ते शेवटी निघत, आणि निघता निघता मोठे बटण खाली ओढत, आणि एकदाही विसरले नाहीत. मग निवृत्त जाहल्यावर तेच फर्मान घरास लागू केले, की खोलीतून जो शेवटी बाहेर पडेल त्याने बोर्डावरचे बटण बंद करावे. फर्मान त्यांच्या वळणदार अक्षरात बोर्डाच्या वर डकवलेले होते आणि त्याखाली ज्यांनी ते मोडले त्यांची पेन्सिलीने नोंद असे. त्यात पिताश्री अकरा वेळा.

ऐशा या अण्णासाहेबांस उतारवयात एकच नाद लागला, तो पत्त्यांचा, आणि तोही एकट्याने, संगणकावर. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर ऐसी चार घराण्यांची फौज पालथी पडलेली असावी आणि ती अण्णासाहेबांनी एक एक करोन उताणी करावी, राजास मोकळी जागा द्यावी, गुलामास राणीखाली बसवावे, आणि ऐसे करता करता त्यांनी सलग चारशे बारा डाव जिंकले. मध्ये हार एकही नाही. पत्ते हट्टास पेटले तर ते एकेका डावावर दोन-दोन तास बसत. चहा गार होई, पेपर शिळा होई, पण डाव सुटे. आणि हा चारशे बाराचा आकडा संगणकातल्या एका लहानशा चौकटीत वस्तीस होता, दुसरीकडे कोठेही नाही, आणि अण्णासाहेब रोज दोनदा ती चौकट उघडून आकडा जागेवर आहे ना ते पाहून येत, जसे कोणी गोठ्यातली गाय पाहून येते.

आणि मग तबकडी आजारी पडली. तबकडी म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क, जिच्यात सगळे साठते. आधी संगणक चालू व्हायला अकरा मिनिटे लागत, ते घराच्या अंगवळणी पडलेले होते. मातोश्री बटण दाबून अंघोळीस जात आणि केस पुसत बाहेर आल्या की संगणक नुकता डोळे चोळत असे. परंतु आता आतून टक्, टक्, टक् ऐसा आवाज येऊ लागला आणि पडदा निळा पडू लागला. दुकानातल्या दुरुस्तीवाल्यास फोन लावला तर त्याने आवाज फोनवरच ऐकला आणि दोन शब्दांत निकाल दिला, की फेकून द्या.

मग पिताश्री, अडगळसंहारक, माळारिकामकर्ते, यांनी भर जेवणात फर्मान सोडले: "रविवारी पाचला भंगारवाला येतोय. तोपर्यंत चालू झाला तर राहील, नाही तर जाईल. विषय संपला."

अण्णासाहेबांनी हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाले, "त्यातला आकडा तेवढा वेगळा काढता येतो का रे?"

"अण्णा, कागदावर लिहून ठेवा ना. चारशे बारा."

"कागदावर कुणीही काहीही लिहील. मी उद्या नऊशे लिहीन."

यावर पिताश्रींनी आमटीत लक्ष घातले. तेसमयी पंगतीच्या चौथ्या पानावरून मिठूबाईसाहेब, स्क्रूड्रायव्हरधारिणी, इयत्ता नववी तुकडी ब च्या आधारस्तंभ, ज्यांस अखंड बडबडीमुळे लहानपणीच ही पदवी बहाल जाहली होती, त्या उठोन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी करते."

"तू?" मातोश्री म्हणाल्या. "तुला स्वतःचं दप्तर भरता येत नाही."

"दप्तरात रॅम नसते, आई."

मग मिठूबाईंनी मसलत सांगितली, की जुनी तबकडी मरण्याआधी तिच्यातले सगळे जसेच्या तसे एका नव्या एसएसडीवर उतरवोन घ्यावे, ही एसएसडी म्हणजे एक चपटी डबी, तिच्यात फिरणारे काही नाही सबब टक् टक् नाही. आणि स्मरणशक्तीसाठी रॅमची नवी मोठी पट्टी बसवावी, आणि वेळेसाठी नवी नाणे-बॅटरी. आणि येत्या वाढदिवसाचा ड्रेस नको, त्याऐवजी हा सरंजाम मिळावा. मुलगी ड्रेस नको म्हणते हे ऐकोन मातोश्रींनी तिच्या कपाळास हात लावून पाहिला, ताप नव्हता, मग मंजुरी दिली. आणि अण्णासाहेबांनी तिच्याकडे ऐसे पाहिले की मिठूबाई कवायतीत उभ्या असाव्या तशा ताठ झाल्या, कारण आजवर त्यांच्यावर भरवसा ठेवून कोणी दुधाच्या पातेल्यापाशीही उभे केले नव्हते.

शनिवारी शाळा सकाळची. मिठूबाई गणवेशातच मोहिमेवर निघाल्या. विणलेला रुमाल उतरवला, चार स्क्रू काढले, ते आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवले, झाकण पायाने उडाले, स्क्रू चार दिशांस पांगले, तीन हाती लागले, चौथा अद्याप बेपत्ता आहे. मग धुडाचे पोट उघडले तो आत धूळ, आणि कैसी धूळ, की तिची घडी करून कपाटात ठेवता यावी. मग मातोश्रींचा हेअर ड्रायर थंड वाऱ्यावर लावून हल्ला केला आणि शत्रू उठला तो थेट खिडकीच्या पडद्यांवर जाऊन बसला, जे मातोश्रींनी परवाच धुतले होते. त्यावर स्वयंपाकघरातून जे शब्द आले ते या बखरीत लिहिण्याजोगे नाहीत. आणि मग सीडीचा खण ओढला तो आत एक अखंड बिस्किट निघाले, दगडासारखे घट्ट, काठावरची नक्षी शाबूत. अकरा वर्षांमागे कोण्या अज्ञात बालशत्रूने ते तेथे ठेवले असावे. त्या शत्रूचे वय तेव्हा चार होते, याहून अधिक माहिती उपलब्ध नाही.

मग रॅमची नवी पट्टी खाचेत ठेवली आणि बटण दाबले तो संगणक तीनदा बोंबलला, पीं, पीं, पीं, आणि पडदा काळाच. पिताश्री दारात येऊन "गेला का?" ऐसे फार आशेने विचारते जाहले. मिठूबाईंनी त्यांस दारातूनच परत धाडले आणि पट्टी काढली, पुन्हा ठेवली, आणि देवाचे नाव घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ऐसा जोर लावला की पट्टीने कट्ट करून खाचेत बैठक मारली. पीं थांबली. मग पेनड्राइव्हवरून नकल करणारा प्रोग्राम चालवला, एका वायरीने जुनी तबकडी आणि दुसरीने नवी डबी जोडली, आणि दुपारी दोन वाजता चारशे बारा डाव या किल्ल्यातून त्या किल्ल्यात निघाले. पडद्यावर लिहून आले की चार तास लागतील आणि मध्ये वीज तोडू नये.

एक टक्का. दोन टक्के. तबकडी टक् टक् करीत होती पण चालत होती.

साडेचारास एकसष्ट टक्के जाहले आणि मिठूबाईंस भुकेने भोवळ येऊ लागली, सबब त्या स्वयंपाकघरात गेल्या. मागाहून अण्णासाहेब आकड्याची खुशाली पाहावी म्हणोन खोलीत आले. तो मॉनिटर काळा. बराच वेळ कोणी हात न लावल्याने तो झोपी गेला होता. अण्णासाहेबांस वाटले की पोरगी काम आटोपून बटण चालू ठेवूनच गेली. मग त्यांनी चौतीस वर्षांच्या सरावाने बटण बंद केले, आणि फर्मानाखाली पेन्सिलीने 'मिठू, एक वेळा' ऐसी नोंद केली, आणि दार ओढून घेतले.

पुढे काय जाहले ते काय वर्णावे. मिठूबाई घास हातात घेऊन आल्या आणि काळ्या पडद्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. मग ओरडल्या, "आई! तू मिक्सर लावलास ना? फ्यूज उडवलास!"

"मिक्सर? अगं, दुपारपासून तू मला ड्रायर सुद्धा परत दिला नाहीस!"

"मग बाबा!"

"मी अंघोळीला होतो," पिताश्री टॉवेलातून म्हणाले, आणि हे खरे होते.

अण्णासाहेबही आले आणि गहिवरून म्हणाले, "कोण एवढं वाईट चिंततं गं आपलं?" आणि खरोखर त्यांस कल्पना नव्हती, कारण त्यांनी पाहिला तेव्हा पडदा आधीच काळा होता. तबकडी हात लावता भाजावी इतकी तापली होती, म्हणोन तिला पंख्याखाली विसावा दिला, आणि मातोश्रींनी भूगोलाच्या गृहपाठाचे फर्मान काढले, आणि शनिवारची शिकस्त येणेप्रमाणे पदरी पडली.

रविवारी सकाळी सातास मिठूबाईंनी दुसरी चढाई केली. या वेळी मॉनिटरची झोप बंद केली आणि काल बोर्डावरचे बटणच बंद सापडले होते सबब तेथे पहारा बसवण्याचे ठरवले. आता पहारेकरी कोण, तर घरात सर्वांहून सावध, सर्वांहून विश्वासू, ज्याचा जीव त्या आकड्यात अडकला आहे असा एकच पुरुष. मिठूबाईंनी अण्णासाहेबांस बोर्डाशेजारी खुर्ची दिली आणि बजावले, "आजोबा, काहीही झालं तरी या बटणाला कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"माझ्या प्रेतावरून जावं लागेल," अण्णासाहेब म्हणाले.

आणि काय तो पहारा! पिताश्री मोबाईल चार्ज करावयास आले, त्यांस हाकलले. मातोश्री झाडू घेऊन आल्या, त्यांस उंबऱ्यावर थोपवले. एक माशी बटणावर बसली, तीस पेपराची घडी दाखवली. ऐसे साडेतीन तास गेले. मिठूबाई शेजारी बसून अधूनमधून टक्के वाचून दाखवीत, चाळीस, सत्तर, नव्वद, आणि चौऱ्याण्णवास पोचल्या तो त्यांच्या मैत्रिणीचा फोन आला आणि त्या बोलत बोलत गच्चीत गेल्या, कारण बोलताना त्यांस चालावे लागते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली: "अण्णा, चहा झालाय! गार होतोय हं!"

अण्णासाहेब उठले. मॉनिटराकडे समाधानाने पाहिले. दाराशी गेले. आणि खोलीत मागे कोणी नाही हे पाहोन, मनात चहाखेरीज काहीही नसता, त्यांचा उजवा हात आपला आपण वर गेला आणि बटण बंद जाहले.

मिठूबाई गच्चीतून परतल्या आणि या वेळी ओरडल्या नाहीत. त्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या आणि फर्मानाखालची पेन्सिलीची नोंद त्यांनी प्रथमच वाचली. 'मिठू, एक वेळा.' तारीख कालची. वेळ साडेचार. गोदामाच्या माणसाने वेळ लिहिल्याखेरीज नोंद कधी केली नव्हती.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलंत?"

अण्णासाहेब कप हातात घेऊन आले, नोंद वाचली, मग बटण पाहिले, मग काळा पडदा पाहिला. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागले, जसे आपल्याच फौजेतला फितूर पकडला जावा. "मी?" ते म्हणाले. "अगं, तो आपोआप गेला. मला विचारलं पण नाही त्याने."

मग खुर्चीत बसले. चहा तसाच राहिला. "जाऊ दे गं मिठू. भंगारात जाऊ दे. माझ्याच हाताने गेलं, तर दोष कुणाला द्यायचा."

आता या जागी कोण रडले, कोणी रडवले, हे लिहिणे चांगले नाही. इतकेच लिहितो की मिठूबाईंनी बाहीने नाक पुसले आणि तबकडीस कान लावला. टक् जवळजवळ थांबली होती आणि जी होती ती फार लांबून येत होती. साडेअकरा वाजले होते. तास-दीड तास तबकडी पंख्याखाली निववली आणि पाऊण वाजता तिसरी चढाई सुरू केली, आणि सर्वांस कळून चुकले होते की चौथी होणे नाही.

अण्णासाहेबांनी प्रतिज्ञा केली, की नकल पुरी होईतो खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. कारण जो बाहेरच पडत नाही तो शेवटी बाहेर पडू शकत नाही, आणि त्याच्या हातास काही कामच उरत नाही. जेवण खोलीत मागवले. मातोश्रींनी स्वयंपाकघरातल्या डब्याचे प्लास्टिकचे झाकण बटणावर बसवून चहूकडून चिकटपट्टी मारली आणि म्हणाल्या, "आता बघते कोणाचा हात जातो ते."

चार वाजता अठ्ठ्याऐंशी टक्के जाहले आणि नवे संकट उपस्थित जाहले. अण्णासाहेब खुर्चीत हलू लागले. मग एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग दुसरा पहिल्यावर. सकाळपासून चार कप चहा पोटात होता.

"आजोबा, जाऊन या ना," मिठूबाई म्हणाल्या. "मी आहे ना खोलीत. तुम्ही शेवटचे कुठे?"

"तू मुलगी आहेस फोनवर चालणारी," अण्णासाहेब दात आवळून म्हणाले. "फोन आला की जाशील. दुसरा माणूस हवा."

दुसरा माणूस घरात एकच होता, आणि तो शत्रुपक्षाचा. मग पिताश्रींस पाचारण केले. ज्यांनी भंगाराचे फर्मान सोडले तेच आता संगणकाच्या रक्षणार्थ खुर्चीत बसविले गेले. अण्णासाहेब घाईने निघाले आणि दाराशी पोचताच त्यांचा उजवा हात पुन्हा वर गेला, झाकणावर गेला, चिकटपट्टीचे टोक नखाने उचलू लागला.

"अण्णा! हात!" ऐसी गर्जना करीत पिताश्री झेपावले आणि त्यांनी तो हात हवेतच धरला. आणि धरला तो सोडीनात. मग बापाचा हात धरून लेक त्यांस न्हाणीघरापर्यंत घेऊन गेला आणि बाहेर उभा राहिला आणि हात धरूनच परत घेऊन आला. आणि घरातले जुने लोक सांगतात की ऐसा हात धरून ते दोघे शेवटचे चालले तेव्हा पिताश्री बालवाडीत होते. परत आल्यावर पिताश्री खुर्चीतून उठले नाहीत. "किती झाले?" ते दर मिनिटास विचारू लागले. "अजून नव्वदच? फारच हळू चालतं हे तुझं."

आणि बरोबर पाचास दारावरची घंटी वाजली.

भंगारवाला आला तो मोठ्या मिशांचा, खांद्यावर पोते, शब्दाचा पक्का. "कुठाय कॉम्प्युटर?" म्हणाला.

"थांबा हो पाच मिनिटं," ज्यांनी त्यास बोलावले तेच पिताश्री म्हणाले. "सत्त्याण्णव झालेत."

भंगारवाला आत आला, मॉनिटर पाहिला, डबा पाहिला, आणि पोते खाली ठेवून म्हणाला, "हा मोडीत काढताय? आमच्या घरी हाच आहे. रोज वापरतो." मग मातोश्रींनी त्यास पाणी दिले आणि तो स्टुलावर बसला, आणि पाच माणसे एका निळ्या पट्टीकडे पाहू लागली. अठ्ठ्याण्णव. तबकडी घरघरली. नव्याण्णव. तबकडी गप्प जाहली, मग एकदाच टक् केले. आणि शंभर.

मग मिठूबाईंनी जुनी तबकडी काढून टेबलावर मानाने ठेवली आणि डबीच्या भरवशावर बटण दाबले. मातोश्री सवयीने टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाल्या आणि दारापर्यंत पोचल्या नाहीत तो संगणक चालू होऊन हजर. "अगं बाई," त्या टॉवेलासकट परत आल्या, "आता मी अंघोळ कधी करायची?"

अण्णासाहेबांनी चौकट उघडली. सलग विजय: चारशे बारा.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण अण्णासाहेबांनी बोट वर केले होते. "आकडा जिवंत आहे की नुसतं चित्र आहे, ते खेळल्याशिवाय कळायचं नाही," म्हणाले, आणि नवा डाव पसरला. आणि डाव ऐसा दुष्ट पडला की अर्ध्या तासात सर्व वाटा बंद. इस्पिक राणी एकटी उभी, एक्के पत्त्यांखाली गाडलेले, अण्णासाहेबांच्या कपाळावर घाम. पिताश्री म्हणाले, "अण्णा, राजा हलवा." अण्णासाहेब म्हणाले, "तू गप." मिठूबाई नखे खात होत्या. तेव्हा मागून भंगारवाला घसा खाकरून म्हणाला, "आजोबा, बदामचा गुलाम राणीवर घ्या की. तो खाली दिसतोय बघा, उजवीकडे."

सर्वांनी पाहिले. गुलाम खरोखर तेथे होता आणि चौघा घरच्यांस दिसला नव्हता. अण्णासाहेबांनी तो उचलला, राणीवर ठेवला, आणि त्याखालचा पत्ता उताणा केला तो एक्का, मग दुर्री, मग तिर्री, आणि मग ऐसी पळापळ माजली की चारही घराणी आपापल्या जागी जाऊन बसली. सलग विजय: चारशे तेरा. भंगारवाल्यास माळ्यावरचे दोन मेलेले कीबोर्ड आणि मिशीच्या मानाने लहान पडलेला चहाचा कप सन्मानपूर्वक देण्यात आले, आणि तो जाताना सांगून गेला की त्याचे सलग सातशे आहेत. त्यावर अण्णासाहेबांनी चौकट उघडून आपला आकडा पुन्हा एकदा पाहिला.

मग सर्व मंडळी खोलीतून निघाली. आणि अण्णासाहेब, जे चौतीस वर्षे गोदामातून आणि पुढची सर्व वर्षे या खोलीतून शेवटी बाहेर पडले, ते दाराशी थांबले, उजवा हात डाव्या हाताने धरला, आणि म्हणाले, "मिठू, आजपासून शेवटी तू निघायचं." आणि तिच्याआधी बाहेर गेले. मागे वळूनही पाहिले नाही. त्यांनी 'मिठू, एक वेळा' ही नोंद खोडली होती आणि खाली 'अण्णा, दोन वेळा' ऐसे वेळेसकट लिहिले होते.

मिठूबाईसाहेबांनी संगणक रीतसर बंद केला, झाकण उचकटले, बटण बंद केले आणि दार ओढले. येणेप्रमाणे किल्ला राहिला, आकडा राहिला, राज्य राखले गेले. या फत्तेची तारीख दफ्तरी नोंदावी म्हणोन त्या सोमवारी शाळेतून येऊन संगणक चालू करत्या जाहल्या, आणि संगणकाने वीस सेकंदांत, पूर्वी कधी नव्हे इतक्या तडफेने, ती सांगितली: एक जानेवारी. नवी नाणे-बॅटरी कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी, सुखरूप आहे. तरी हा विजय एक जानेवारी रोजी जाहला ऐसे समजोन चालावे, आणि पुढचे विजयही बहुधा त्याच दिवशी होतील.